शाखा विचारण्याआधी मुलांना काम दाखवा

दहावीचा निकाल लागला की आमच्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरीत घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो, "सायन्स मिळतं ना?" टक्के भरपूर असले तर सायन्स, मधले असले तर कॉमर्स, त्याखाली आर्ट्स, आणि कुठेच नाव लागलं नाही तर आयटीआय. ही उतरंड कुठल्याही माहितीपुस्तकात छापलेली नाही, तरी गावातल्या प्रत्येकाला ती पाठ आहे. गेली काही वर्षं गोवा बोर्डाचा दहावीचा निकाल ९० टक्क्यांच्या वर लागतोय. म्हणजे पास होण्याची चिंता जवळपास संपली. पण पुढे काय, याचा विचार अजून तिथेच अडकलाय.

मी एका औषध कंपनीत मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे ट्रेनी म्हणून मुलं येतात, त्यांच्याशी माझा रोजचा संबंध. डिग्री झालेला मुलगा येतो, हुशार असतो, गणितं फटाफट सोडवतो, पण उघडलेला पंप त्याने जवळून पाहिलेला नसतो. "मेकॅनिकल का घेतलंस रे?" असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, "कॉम्प्युटरला नंबर लागला नाही म्हणून." मला त्या मुलाचा राग येत नाही, वाईट वाटतं. पंधराव्या वर्षी सायन्स घेतलं, सतराव्या वर्षी मिळेल ती ब्रँच घेतली, आणि ज्या कामासाठी हे सगळं केलं ते काम बघायला मिळालं एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी.

म्हणून माझं ठाम मत आहे की शाखा हा दुसरा प्रश्न आहे. आधी मुलांना काम बघू द्या.

आणि हे गोव्यात जमणार नाही तर कुठे जमणार? सगळं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं. सकाळी वाळपईहून निघालेला माणूस बसेस बदलत दुपारच्या आत वास्कोला पोचतो. एवढ्याशा जागेत दोनापावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. जुन्या गोव्यात शेती आणि पशुपालनावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. वास्कोत शिपयार्डमध्ये जहाजं बांधली जातात. फर्मागुडीला इंजिनिअरिंग कॉलेज, पर्वरीला हॉटेल मॅनेजमेंट, आल्तिनोवर कला महाविद्यालय आणि आर्किटेक्चर कॉलेज. वेर्णे, कुंडई, पिसुर्ले, थिवी इथल्या औद्योगिक वसाहती वेगळ्याच. आमच्या गावातल्या किती दहावीच्या मुलांनी यातलं एक तरी ठिकाण आतून पाहिलंय? शाळेची सहल मात्र दरवर्षी निघते, वॉटरपार्कला नाहीतर चर्च-मंदिरं बघायला.

एक उदाहरण मी मुलांना नेहमी देतो, कारण ते ऐकताना त्यांचे डोळे मोठे होतात. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमा कुठून चालतात? आपल्या वास्कोतून. हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, तेच 'मैत्री' आणि 'भारती' ही अंटार्क्टिकावरची दोन्ही केंद्रं चालवतं. तिथे फक्त शास्त्रज्ञ जातात असं आपल्याला वाटतं. पण बर्फात वर्षभर राहायचं तर जनरेटर चालू राहिला पाहिजे, गाड्या दुरुस्त झाल्या पाहिजेत, जेवण शिजलं पाहिजे. म्हणून त्या मोहिमांसाठी मेकॅनिक, वेल्डर, सुतार, इलेक्ट्रिशियन, स्वयंपाकी, नर्स यांचीही भरती होते. ज्या आयटीआयला आपण शेवटची पायरी समजतो, तिथला वेल्डर अनुभव घेऊन दक्षिण ध्रुवाच्या खंडावर जाऊ शकतो. हे आपल्या मुलांना कुणी सांगतच नाही.

आयटीआयला गेलं की पुढचं शिक्षण बंद, हा गैरसमजही एकदाचा काढून टाकूया. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे एखाद्या कामाचा अभ्यासक्रम, केला की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट आहे. डिप्लोमा झाला की डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात. हिशोब मांडून बघा. आयटीआयची दोन, डिप्लोमाची दोन, डिग्रीची तीन, अशी सात वर्षं. अकरावी-बारावीवरून इंजिनिअर व्हायला लागतात सहा. एक वर्ष जास्त जातं, पण हातात कौशल्य येतं आणि वाटेत कुठेही थांबून कमवायला लागता येतं. ज्या घरात वडिलांचं एकट्याचं उत्पन्न आहे, तिथे या थांबता येण्याला फार किंमत आहे. अॅप्रेंटिसशिपला तर शिकताना स्टायपेंड मिळतो.

सायन्स घेऊच नका असं मी म्हणत नाहीये. आवड असेल तर जरूर घ्या. फक्त अकरावीत गणित सोडताना दहा वेळा विचार करा. "बायो घेतो, गणित नको" असं सहज म्हटलं जातं, आणि बारावीनंतर कळतं की इंजिनिअरिंग गेलं, एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) नौदल-हवाईदलही गेलं. आणि सायन्स म्हणजे 'नीट' ही प्रवेश परीक्षा देऊन एमबीबीएस एवढंच डोक्यात ठेवू नका. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, एखादा दिवस डोळे उघडे ठेवून बसलात तरी दिसेल की डॉक्टरच्या भोवती किती जणांचं काम चालतं. रक्त तपासणारे, एक्स-रे काढणारे, डायलिसिसचं मशीन सांभाळणारे, ऑपरेशन थिएटरमधले तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, नर्सेस. यातल्या प्रत्येकाचं वेगळं शिक्षण आहे.

आता सरकारी नोकरीबद्दल. आमच्या भागातल्या आईवडिलांना ती का हवी असते हे मला नीट समजतं. खाणपट्ट्यात एके काळी दहावी झालेला पोर कर्ज काढून खनिज वाहायला ट्रक घ्यायचा आणि घर उभं करायचा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये परत बंद. दारात उभ्या ट्रकचे हप्ते कसे भरायचे, या काळजीत किती घरं रात्र-रात्र जागली ते आम्ही पाहिलंय. त्यानंतर बाप "बाबा रे, सरकारी बघ" म्हणणारच. पण ती नोकरी मिळेपर्यंत पाच-सहा वर्षं नुसती वाट बघत बसणं, आणि त्या आशेवर कुणाच्या तरी हातात पैसे ठेवणं, हे थांबलं पाहिजे. २०२४ च्या अखेरीस नोकरीच्या नावाने पैसे घेतल्याची किती प्रकरणं बाहेर आली ते आपण सगळ्यांनी वाचलं. आता गोव्याचा कर्मचारी भरती आयोग संगणकावर परीक्षा घेतो. ती जरूर द्या, पण एखादं काम करता करता द्या. सरकारी नोकरीला लागणारा पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला फाइलमध्ये आहे म्हणून पोट भरत नाही.

मुलींच्या बाबतीत तर फारच हात आखडता घेतला जातो. "आयटीआयला मुलीला कशी घालायची? तिथे सगळे मुलगे." आमच्या क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये येऊन बघा, किती मुली काम करतात. केमिस्ट्रीत बीएस्सी केलेल्या, फार्मसी केलेल्या. शिफ्टच्या बसने येतात, पगार घरी देतात, स्वतःच्या नावावर कर्ज काढून स्कूटर घेतात. इन्स्ट्रुमेंटेशनला, म्हणजे मोजमापाची यंत्रं सांभाळायलाही मुली आहेत, आणि त्या कामाला लागणारा बारकावा त्यांच्यात भरपूर आहे.

आईवडिलांना एवढंच सांगणं, निकालानंतर प्रवेशाच्या रांगेत उभं राहण्याआधी दोन-तीन दिवस काढा. नात्यात, वाड्यावर कोण काय काम करतं ते मुलाला घेऊन जाऊन बघा. दिवस कसा जातो, पाय किती दुखतात, पगार कसा वाढतो, हे त्या माणसालाच विचारा. एजंटाला आणि क्लासवाल्याला नंतर. बारावीनंतर बाहेर शिकायला पाठवायचं असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाची चौकशी आधी करा, सोनं गहाण टाकायला नंतर जा.

आणि माझ्या यादीतल्या मित्रमैत्रिणींना विनंती आहे. हॉस्पिटल, लॅब, शिपयार्ड, हॉटेल, विमानतळ, शेती, बँक, वर्कशॉप, कुठेही असाल तर खाली लिहा, तुम्ही नेमकं काय काम करता आणि एखाद्या मुलाशी अर्धा तास बोलायला तयार आहात का. मी स्वतः रविवारी सकाळी डिचोली तालुक्यातल्या साखळीत असतो. यंदा दहावी किंवा बारावी झालेलं कुणी असेल तर आईवडिलांसोबत या. वेळ आधी मेसेज करून ठरवूया.