बायसेक्शुअल पुरुषांबद्दलचा तो फॉरवर्ड

सध्या सगळीकडे फिरणाऱ्या मजकुराचा सार असा: पुरुष बायसेक्शुअल (स्त्री आणि पुरुष दोघांबद्दल आकर्षण वाटणारा) नसतोच, तो गे असतो आणि कबूल करायला घाबरतो, दोन डगरींवर पाय ठेवल्यामुळे त्याला नैराश्य येतं, लग्न लावून दिलं की सुटतो.

पहिल्या दाव्यासाठी अमेरिकेतल्या २००५ च्या एका छोट्या प्रयोगाचा आधार दिला जातो. तो करणाऱ्यांपैकी संशोधक मायकेल बेली यांनीच २०२० मध्ये सहकाऱ्यांसोबत शेकडो पुरुषांची माहिती एकत्र तपासली आणि पुरुषांत बायसेक्शुअल कल खरोखर असतो, असा निष्कर्ष मांडला. तो कुणी पुढे पाठवत नाही.

नैराश्याचं म्हणाल, तर कारण आकर्षणात नाही, बऱ्याचदा लपवण्यात असतं. अमेरिकेतल्या प्यू या जनमत पाहण्या करणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या पाहणीत, जवळच्या बहुतेकांना आपल्याबद्दल माहीत आहे असं सांगणारे गे पुरुष ७७ टक्के होते, बायसेक्शुअल पुरुष फक्त १२ टक्के. लपवायचं म्हणजे रोज चॅट पुसायचे, फोनमध्ये नाव बदलून ठेवायचं, ‘तो भेटला’ऐवजी ‘ती भेटली’ म्हणायचं. घरच्यांपुढे हे, आणि गे मित्रांमध्ये ‘अजून ठरत नाहीये का तुझं?’ हा प्रश्न. दोन्हीकडून असं एकटं पडल्यावर झोप जाते, दारू वाढते. डॉक्टरांना मात्र तो फक्त ‘झोप येत नाही’ एवढंच सांगतो; गोळी मिळते, मूळ दुखणं तसंच राहतं.

लग्नाने कल बदलत नाही. बायसेक्शुअल पुरुष बायकोशी एकनिष्ठ राहू शकतो, अनेक जण राहतात. पण दडपणाखाली, काही न सांगता केलेल्या लग्नात त्या मुलीचीही फसवणूक होते. बोलायचं ते साखरपुड्याआधी, दोघांनीच.

मदत घ्यायची असेल, तर समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारा: बायसेक्शुअल पुरुषांसोबत काम केलंय का? कल बदलता येतो असं मानता का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर तिथून उठा. कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे कल बदलण्याचे ‘उपचार’, हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. डॉक्टर असतील तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते, म्हणून प्रिस्क्रिप्शन आणि पावती जपून ठेवा. घरच्यांना कळेल ही भीती असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असण्यासारखे अपवाद त्याला आहेत. ते कोणते, हेही पहिल्याच भेटीत विचारून घ्या. रात्री-अपरात्री असह्य झालं तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६: मोफत, चोवीस तास, मराठीतही.