‘बायकांना घाबरवू नका’ म्हणणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, गरोदरपणाच्या सुरुवातीच्या पोटाच्या तक्रारींवर मी लिहिलं, ते तुम्हाला बायकांना घाबरवणं वाटलं. आमच्या आयांनी हे सगळं निमूट सोसलं, कोठा साफ व्हायला चमचाभर एरंडेल घेतलं आणि पोरं धडधाकट झाली, असं तुमचं म्हणणं.

त्रास नैसर्गिक आहे, यात वाद नाही. प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक (हार्मोन) वाढलं की आतड्यांचे स्नायू सैलावतात, अन्न रेंगाळतं, त्यातलं पाणी जास्त शोषलं जातं आणि शौचाला खडा होतो. जळजळही बरीचशी त्यामुळेच. पण नैसर्गिक आहे म्हणून बाईने तोंड मिटून बसावं, हे मला पटत नाही. एरंडेलाला तर माझा ठाम विरोध आहे. त्याने नुसते जुलाब होत नाहीत, गर्भाशयही चाळवू शकतं. डॉक्टरांना विचारून इसबगोल घेता येतं, सोबत भरपूर पाणी हवं. लोहाच्या गोळीने शौच काळं, घट्ट होतं म्हणून ती परस्पर बंद करणाऱ्याही खूप आहेत. सरकारी कार्यक्रमात पहिले 3 महिने फॉलिक ॲसिड आणि लोह त्यानंतर असतं. गोळी सोसत नसेल तर डॉक्टर बदलून देतात, फक्त सांगायला हवं.

घरच्या खाण्याला मी कधीच नावं ठेवलेली नाहीत. डिचोलीला माझ्या भाचीला शेजारी बांगडे तळायला लागले की उमासे यायचे. उकड्या तांदळाची पेज, निवलेली, मीठ घालून, घोट घोट. तेवढीच पोटात राहायची. मग तीही राहीना. जीभ कोरडी, दुपारपर्यंत लघवी नाही, झाली तीही गडद पिवळी. घरचे म्हणत होते, “तिसरा महिना ना, चालायचंच!” तपासणीत लघवीत कीटोन निघाले, म्हणजे पोटात अन्न नसल्याने शरीर चरबी जाळत होतं, आणि सलाइन लावावं लागलं. तो लेख मी तिच्यासारख्यांसाठी लिहिला.

उलट्या साधारण 9व्या आठवड्याच्या सुमारास जोर धरतात आणि बहुतेकींच्या पाचव्या महिन्यापर्यंत ओसरतात. मात्र वजन 5 टक्क्यांहून जास्त उतरलं, पाणीही टिकेना, उलटीत रक्त दिसलं, ताप आला किंवा पोटात एका जागी दुखत राहिलं, तर घरी थांबायचं नाही.

तुमच्या सूनबाईंना दुसरा महिना आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना आज किती वेळा लघवी झाली, एवढं आधी विचारा. सकाळपासून झालीच नसेल, तर आजच दवाखान्यात न्या. गाडीची सोय नसली तर 108 ला फोन करा.