‘मोठं धरण फुटत नसतं’ म्हणे

मावशीने परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बघ, उगाच घाबरवतात.’ मावशीचं घर धरणाच्या खालच्या अंगाला आहे, म्हणून उत्तर देणं भाग आहे. मेसेज म्हणतो: मोठी धरणं दहा हजार वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी बांधतात, आपल्या हयातीत काळजी नाही. पाणी वाढलं की दरवाजे उघडतात. फुटतात ती जुनी, छोटी, मातीची. आणि सायरन वाजला तरी घर सोडू नका, मागे चोऱ्या होतात.

दहा हजार वर्षांचा पूर पाळी लावून येत नाही. दर वर्षी दहा हजारांत एक, एवढीच ती शक्यता. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी सुट्टी नाही. एकमेकांपासून लांबची अशी 100 धरणं 100 वर्षं उभी राहिली, तर त्यातल्या एकावर तरी तो पूर येण्याची शक्यता 63 टक्के भरते. शिवाय सगळी मोठी धरणं या मापाने बांधलेली नसतात, आणि मापही अंदाजाचंच: नदीच्या नोंदी बहुतेक ठिकाणी जेमतेम शतकभराच्या, पुढचं गणिताने ताणलेलं. चीनमधलं बानछियाओ हजार वर्षांच्या पुरासाठी होतं. ऑगस्ट 1975 मध्ये एका वादळाने 24 तासांत 1000 मिलिमीटरहून जास्त पाऊस ओतला आणि धरण गेलं.

आता दरवाजे. सांडव्यातून, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायच्या वाटेतून, जास्तीत जास्त किती पाणी जाऊ शकतं, हे बांधतानाच ठरतं. येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, त्याहून मोठा असेल, तर सगळे दरवाजे सताड उघडूनही पातळी चढतच राहते. गुजरातच्या मच्छू-2 धरणाचा सांडवा सुमारे 5,663 घनमीटर प्रति सेकंदासाठी होता. 11 ऑगस्ट 1979 ला पाणी आलं 16,307, म्हणजे जवळपास तिप्पट. दोन्ही बाजूंच्या मातीच्या भरावांवरून पाणी गेलं, भराव वाहून गेले, आणि 5 किलोमीटरवरचं मोरबी अर्ध्या तासाच्या आत बुडालं. हे धरण 1972 मध्ये पूर्ण झालेलं. सात वर्षांचं! ‘जुनी’ म्हणे.

मातीच्या धरणाबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. माथ्यावरून पाणी गेलं की भराव झिजत जातो; दगडी किंवा काँक्रीटचं धरण पुष्कळदा टिकतं. मच्छूचाही दगडी सांडवा उभाच राहिला. पण जगातली बहुतेक मोठी धरणं भरावाचीच आहेत. अमेरिकेतलं 235 मीटर उंचीचं ओरोव्हिलसुद्धा.

शेवटचा सल्ला मात्र जीवघेणा आहे, आणि तो लिहिणाऱ्याला हे कळत नाही याचा संताप येतो. फेब्रुवारी 2017 मध्ये ओरोव्हिलचा मुख्य सांडवा उखडला, आणीबाणीच्या सांडव्याखालचा उतार झिजत माथ्याकडे सरकू लागला आणि 1,80,000 हून अधिक लोकांना हलवलं. धरण टिकलं. लोक दोन दिवसांत परतले. यावर ‘बघा, उगाच हलवलं’ म्हणणारे भेटतातच. पण तो उतार थांबेल की नाही, हे त्या संध्याकाळी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि पाणी सुटल्यावर एवढी माणसं हलवायला वेळ मिळाला नसता. धरण फुटल्यावर सायरन वाजवून फारसा उपयोग नसतो. तो आधीच वाजवावा लागतो, म्हणून कधी कधी तो फुकट वाजणारच.

मावशी, कागदपत्रं आणि औषधं एका पिशवीत घालून ठेव. सायरन झाला की कुलूप लाव आणि उंचावर जा, ग्रुपवर विचारत बसू नकोस.