सायलेन्सरचं तोंड

बॉनेटवर फडकं फिरवणाऱ्या माणसाला सोसायटीत मान असतो. येणारा-जाणारा थांबतो, "काय, पॉलिश का?" म्हणून कौतुकाने विचारतो. तोच माणूस गाडीच्या मागच्या अंगाला पाट टाकून, सायलेन्सरच्या नळीत दोन बोटं घालून बसलेला दिसला की नजरा बदलतात. "काही अडकलंय का?" "मांजरीचं पिल्लू गेलं का आत?" "उंदीर आहे का हो? आमच्या गाडीची वायर खाल्ली परवा." खंडेनवमीच्या सकाळी मी सगळ्यांना "नाही, घासतोय" एवढंच उत्तर देत होतो आणि त्याने कुणाचंही समाधान होत नव्हतं. उंदीर निघाला असता तर बरं झालं असतं. निदान चार माणसं मदतीला थांबली असती.

सायलेन्सरच का, तर त्याला कारण गाडीचे आधीचे मालक. गाडी सेकंडहँड. मुळात तिला नळी एकच, डावीकडे. पण त्या हौशी गृहस्थांनी उजवीकडे बंपरखाली हुबेहूब तसंच दुसरं तोंड बसवून घेतलेलं. निव्वळ शोभेचं. त्याच्यामागे ना पाइप, ना धूर. हात घातला तर बंपरचं प्लास्टिक लागतं. साहजिकच ते कायम लखलखीत. डावीकडचं बिचारं राबतं. साऱ्या इंजिनाचं उरलंसुरलं त्याच्यातून बाहेर पडतं, म्हणून ते आतबाहेर काळंकुट्ट. काम करणारा काळवंडलेला आणि काही न करणारा चकाकतोय, ही जोडी आठवडाभर ऑफिसात बघतोच. सुट्टीच्या दिवशी पार्किंगमध्येही बघायची म्हणजे अती झालं.

"पूजा पुढून करतात," बायको म्हणाली. "हार बॉनेटला, लिंबं चाकाखाली. मागे बघतंय कोण?"

"मागचे बघतात," मी म्हणालो. संध्याकाळी नळ स्टॉपच्या सिग्नलला माझ्यामागे जो कुणी अडकतो, त्याला दुसरं बघण्यासारखं असतंच काय?

हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मालक पेपर वाचत होते आणि मी आल्यामुळे त्यात काही फरक पडला नाही.

"पॉलिश पेपर आहे का? बारीक."

"नंबर?"

"हजार, दीड हजार, दोन हजार."

"कशाला पाहिजे?"

"सायलेन्सर घासायचाय."

"बुलेटचा?"

"नाही, गाडीचा. कारचा."

आता पेपर खाली आला. "कारचा सायलेन्सर दिसतो कुठे?" असं म्हणून त्यांनी पेपर काढून दिला आणि माझ्याकडे जरा कणवेने बघितलं. बुलेटवाल्याने सायलेन्सर घासला तर ती भक्ती. कारवाल्याने घासला तर घरी काहीतरी बिनसलंय, असा एकूण सूर.

घरी मात्र सल्ल्याला तोटा नव्हता. आई म्हणाली, "चिंच लाव. नाहीतर पितांबरी." तिचा अनुभव खोटा नाही. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्या-पितळेवरचा ऑक्साइड विरघळवतं आणि समई क्षणात हसायला लागते. पण सायलेन्सरच्या तोंडावर बसते ती काजळी, म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन, आणि तो चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोकम यांपैकी कुणालाही दाद देत नाही. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "लावून तर बघ." मी लावून बघितली. नळीला आमटीचा वास यायला लागला, काळेपणा जागच्या जागी.

वॉचमनने बाथरूमच्या फरशीचं ॲसिड सुचवलं, तेही स्वतःची बाटली पुढे करून. तो मोह टाळायला हवा, हे इथे गंभीरपणे सांगतो. त्या ॲसिडातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलच्या मुळावरच घाव घालतं. स्टेनलेसला गंज लागत नाही तो त्याच्या अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे, आणि तो पापुद्रा डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ. क्लोराइड तिथेच भोक पाडून आत शिरतं. नळी दोन दिवस चमकेल आणि मग तिला देवी आल्यागत खड्डे पडतील.

लेकीने फ्रिजवरचं गोव्याचं जहाज काढून आणलं, म्हणजे चुंबक. ही कल्पना तिने मोबाइलवर बघितलेली, पण खरोखर उपयोगी. जहाज आत सायलेन्सरच्या डब्याला खटकन चिकटलं. बाहेरच्या तोंडावरून मात्र घसरून खाली पडलं. बऱ्याच गाड्यांमध्ये डबा असतो साधारण 11 टक्के क्रोमियमच्या स्वस्तातल्या स्टेनलेसचा, त्याला चुंबक धरतं. दिसणाऱ्या तोंडाला वापरतात 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेलचं स्टील, म्हणजे आपल्या घरातल्या चांगल्या पातेल्यांचंच. त्याला चुंबक सहसा धरत नाही. हे आधी बघून घ्यायचं, कारण तोंड साध्या लोखंडाचं आणि वर क्रोमचा मुलामा असेल तर पॉलिश पेपरचं नावसुद्धा काढू नये. तो क्रोम एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. चार हात मारले की मुलामा गेला, लोखंड उरलं, आणि पुढच्या पावसाळ्यात गंज.

तर चुंबकाने हिरवा कंदील दिला आणि मी पाटावर बसलो. आधी भांड्यांच्या साबणाचं गरम पाणी आणि जुना टूथब्रश. पहिल्याच फटक्यात हाताला जे लागलं ते काजळी, पाणी आणि तेलकटपणा यांचं असं काही मिश्रण होतं की ते पुसताना कमी न होता फक्त जागा बदलतं. हातावरून ते कपाळावर गेलं, कपाळावरून चष्म्यावर, चष्म्यावरून फोनवर. लिफ्टच्या बटणावर, लॅचवर आणि बेसिनच्या नळावर माझा अंगठा इतका स्वच्छ उमटला होता की आधार कार्डाच्या वेळी मशीनला तो का सापडत नव्हता कळेना.

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका उतरले. काकांची सगळी नोकरी वाहनांच्या कारखान्यात गेली. त्यांनी न विचारता नळीत बोट फिरवलं, अंगठ्याशी चोळलं आणि उजेडात धरलं.

"कोरडी आहे काजळी," काका म्हणाले. "वाचलास. तेलकट, चिकट निघाली असती तर इंजिन ऑइल पितंय म्हणायचं. ही नुसती पेट्रोलची. गाडी चालवतोस कुठे?"

"ऑफिसला. कोथरूड ते डेक्कन."

"म्हणजे गाडी तापेपर्यंत तू पोचतोस. मग काय होणार? एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. नळी तापली तर वाफ होऊन जातं, नाही तापली तर आतच बसतं. त्यात थंड इंजिन पेट्रोल जास्त खातं आणि काजळी जास्त टाकतं. ती भिजते, चिकटते. जरा हायवेला ने महिन्यातून."

मी म्हटलं, काका, सायलेन्सर स्वच्छ राहावा म्हणून लोणावळ्याला जायचं म्हणजे घरी काय सांगू? काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते भूतकाळात शिरले होते. "आमच्या वेळी नळी आतून अशी छान राखाडी असायची. त्यावरून सांगायचो, इंजिन तंदुरुस्त आहे." ती राखाडी शोभा शिशाची होती, पेट्रोलमध्ये शिसं घालत तोवरची. आपल्याकडे 2000 साली ते बंद झालं. काकांना त्या रंगाची हळहळ आहे. त्यांच्या फुप्फुसांचं मत मी विचारलं नाही.

यानंतर पेपर. हजारचा पाण्यात भिजवून, एकाच दिशेने, नळीच्या गोलाईने. मग दीड हजार, मग दोन हजार. हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात नळीच्या आतल्या काठाला जोडाची एक खरखरीत वळी असते, ती बाहेरून दिसत नाही, फक्त नखाला कळते. प्रत्येक फेरीत पेपर तिथे अडकतो, फाटतो, आणि बोटाचं टोक पुढच्या फेरीला पेपरशिवायच जातं. शिवाय तोंड खालच्या अंगाला सर्वांत काळं, कारण पाणी तिथेच साचतं, आणि खालचं अंग दिसावं म्हणून गाल जमिनीला टेकवावा लागतो. त्या अवस्थेत मी असताना दुसऱ्या विंगेतल्या आजी थांबल्या, हात जोडले आणि पुढे गेल्या. बहुधा त्यांना वाटलं, पूजा सुरू झाली.

आता खरी मेख ऐका. शेवटचा टप्पा धातूच्या पॉलिशचा. फडक्यावर जरासं घ्यायचं, घासायचं, फडकं काळं होतं. होणारच, घाण निघतेय. पुन्हा घ्यायचं, पुन्हा काळं. नवं फडकं, तेही काळं. नळीत आता स्वतःचा चेहरा दिसतोय (नाक मोठं, कान गायब), तरी फडकं काळंच. हा काळेपणा घाणीचा नसतोच. पॉलिश धातूचाच अतिसूक्ष्म थर खरवडतं आणि ते कण पेस्टमध्ये काळे दिसतात. म्हणजे फडकं पांढरं निघेपर्यंत घासायचं ठरवलं तर नळी संपेल, फडकं पांढरं होणार नाही. कुठे थांबायचं हे या कामात कुणीच सांगत नाही. मला आईने सांगितलं. वरून गॅलरीतून. "अरे, पानं वाढलीयेत!"

जेवून आल्यावर मेणाचा हात. गाडीला लावायचं वॅक्स आतल्या काठापासून बाहेरपर्यंत पातळ लावायचं, सुकलं की पुसायचं. आई चुलीवर पातेलं चढवण्याआधी त्याच्या बुडाला ओल्या राखेचा लेप द्यायची, म्हणजे काजळी लेपावर बसे आणि घासताना लेपाबरोबर निघून जाई. मेणाचं काम तेच. फक्त राख फुकट होती आणि हा डबा घेताना मला खुर्चीवर बसावं लागलं होतं.

दसऱ्याला पूजा यथासांग झाली. हार, लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक. आईने माझ्या कष्टांचा मान राखून मागे जाऊन डाव्या तोंडालाही हळदकुंकू वाहिलं. बायकोने चावी फिरवली. गाडी रात्रभर थंड, त्यामुळे काकांचं ते पाणी आत दबा धरून होतंच; नळी खोकली आणि काळे थेंब, कुंकू आणि अक्षता असा सगळा प्रसाद आईच्या नव्या साडीच्या काठावर उडाला. "चांगलं लक्षण आहे हो वहिनी," काका वरून म्हणाले. "पाणी येतंय." आईने वर बघितलं नाही.

सोनं वाटायला निघालो तेव्हा नळ स्टॉपला नेहमीप्रमाणे अडकलो. मागून एक रिक्षा सरकत शेजारी आली. रिक्षावाल्याने वाकून माझ्या गाडीचं मागचं अंग निरखून बघितलं. दोन्ही तोंडं आता सारखीच झळकत होती, आणि मला राहवेना. मी काच खाली केली.

"भारी दिसतंय साहेब," तो म्हणाला. "दोन्ही नकली का?"