सुनेचं नाव बदलताना घ्यायची काळजी

सून उंबरठ्यावरचं माप ओलांडून आत आली की लक्ष्मीपूजनातच नाव उरकून घ्या. दोन दिवस गेले तर तिला जुन्याच नावाने हाक मारायची घरादाराला सवय लागते. साहित्य किरकोळ: एक ताट, अर्धा किलो तांदूळ आणि नवरदेवाच्या बोटातली अंगठी. तांदूळ पातळ पसरा, थर जाड झाला की अक्षरं ढासळतात. जोडाक्षराचं नाव तर घेऊच नका, ‘वैष्णवी’तला ‘ष्ण’ अंगठीने वळत नाही. तिला काय वाटतं ते विचारू नका, पेढे खोळंबतात.

आडनावासोबत पहिलं नावही बदललं असेल तर सोन्याहून पिवळं. दहावीच्या सनदेवर सविता, आधारवर समृद्धी, पॅनवर आणखी तिसरंच. लग्नाच्या दाखल्यावर आडनाव निभावतं, पण सविताची समृद्धी कशी झाली याला बहुतेक ठिकाणी राजपत्र मागतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकराच्या नावात आईचंही नाव लागतं, तिथे यातलं कोणतं घालायचं ते सासूबाईंनाच विचारा.

आडनाव बदलायची सक्ती आपल्या कायद्यात नाही, असं कुणी शिकलेलं पोर म्हणालंच तर जपान पुढे करा. तिथे जोडप्याला एकच आडनाव लागतं, दोघांपैकी कुणाचंही चालतं, आणि शंभरात पंच्याण्णव वेळा ते नवऱ्याचंच निघतं. २०१५ आणि २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही हा नियम उचलून धरला. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचा विषय मात्र निघू देऊ नका. तिथे १९८१ पासून बायकोला हौस असली तरी कायदेशीर कामात नवऱ्याचं आडनाव लावता येत नाही. ग्रीसने १९८३ मध्ये तेच केलं. स्पेन, चीन, कोरियातल्या बायका तर जन्माचंच आडनाव घेऊन सुखाने नांदतात, पण आपल्याला काय करायचंय.

फक्त गावचं सरपंचपद ओबीसी महिलेला सुटलं की जरा धावपळ होते. जातीचा दाखला बापाकडच्या कागदांवरून निघतो. निजामाच्या काळातली कुणबी नोंद सापडली तरी ती तिच्या माहेरच्या घराण्याची लागते, तुमची नाही. मग पुसलेलं आडनाव तिच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यात शोधायला भल्या सकाळी जिंतूरला गाडी काढा. माहेरच्या सातबाऱ्यावरचा हिस्सा भावांना सोडायचा, तर हक्कसोडपत्रावर सहीलाही तीच जुनी सविता हवी. निबंधक कार्यालयात विचारतात, ही आणि ती एकच कशावरून? तिथे ताटातले तांदूळ दाखवता येत नाहीत. ते दुसऱ्याच दिवशी खिचडीत गेलेले असतात.