पगडीचं दुसरं टोक

दिवाळीला नांदेडला गेले होते. आमच्या शेजारच्या चाचाजींचा अकरा वर्षांचा नातू दुपारी मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. नवा गेम टाकला होता, त्यात आपला चेहरा आपण बनवायचा होता. "बुआ, बघ ना." नाक झालं, डोळे झाले, रंग झाला. मग डोक्यावर काय घालायचं ते आलं आणि त्याचं बोट नुसतं सरकत राहिलं. टोप्या, शिंगांचं शिरस्त्राण, सशाचे कान, मुकुट. केसांचे तर कितीतरी प्रकार. फक्त बांधलेला जुडा नाही, पटका नाही, पगडी नाही. तो पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. शेवटी त्याने हेल्मेट निवडलं. "यात डोकं दिसतच नाही, चालतं," म्हणाला आणि खेळायला लागला.

ते हेल्मेट माझ्या मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

गेममध्ये आपला धर्म कसा दाखवला जातो यावर शीख संघटना काही बोलल्या की आपल्याकडे ठरलेली प्रतिक्रिया येते: झालं, आणखी एकांच्या भावना दुखावल्या. गेमच तर आहे, सोडून द्या. माझं म्हणणं आहे की आधी नीट बघा, ते नेमकं कशाबद्दल बोलत होते.

यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण २००२ चं. 'हिटमॅन २: सायलेंट असॅसिन' हा गेम त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आला. बनवला डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्हने, बाजारात आणला ब्रिटनच्या आयडॉस कंपनीने. खेळणारा भाडोत्री मारेकरी होतो आणि देशोदेशी जाऊन माणसं मारतो. त्यातला एक भाग पंजाबात घडतो. तिथली धर्मवास्तू शिखांना थेट हरमंदिर साहिबसारखी, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिरासारखी दिसली आणि तिथे मारायला समोर पगडीवाली माणसं. शीख संघटनांनी आवाज उठवला, कंपनीशी भांडण मांडलं आणि पुढे तो मजकूर काढून गेमची बदललेली आवृत्ती आली.

आता तारखा बघा. जून १९८४ मध्ये खऱ्या हरमंदिर साहिबच्या आवारात सैन्य शिरलं, अकाल तख्त हे शिखांचं सर्वोच्च धर्मपीठ उद्ध्वस्त झालं, शेकडो माणसं मेली. गुरू अर्जनदेवांच्या शहीदीदिनाचे दिवस होते, यात्रेकरू आत होते. ज्या घरातलं कुणी तिथून परत आलं नाही, त्या घरातल्या पोराने अठरा वर्षांनी तसल्याच आवारात बंदूक घेऊन फिरायचं?

दुसरी तारीख १५ सप्टेंबर २००१. अमेरिकेवरच्या हल्ल्याला चार दिवस झाले होते. ॲरिझोनातल्या मेसा गावात बलबीरसिंग सोधी आपल्या पेट्रोल पंपाबाहेर उभे होते. एका माणसाने पगडी बघितली, त्यांना अरब समजला आणि गोळ्या घातल्या. शीख कोअलिशन ही संघटना त्याच दिवसांत उभी राहिली. पगडीवाला दिसला की अतिरेकी, हे समीकरण मोडायला ही माणसं शाळा-शाळांतून, पोलिस ठाण्यांतून समजावत फिरत होती. त्यानंतर साधारण वर्षभराने हा 'हिटमॅन २' आला. पुढे ५ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतच विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात एक जण बंदूक घेऊन शिरला आणि त्याने सहा जणांना मारलं. ते गेममुळे घडलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटेपणा होईल. पण गुरुद्वारात गोळीबार हा काहींसाठी करमणुकीचा देखावा असतो आणि काहींसाठी रविवार सकाळची भीती, एवढं तरी मान्य करा.

सिनेमात गोळी दुसरा कुणीतरी झाडतो, आपण बघतो. गेममध्ये अंगठा आपला असतो. म्हणून समोर कोण उभा केलाय याला इथे जास्त वजन आहे.

"शिखांना लढाया चालत नाहीत का मग?" असं एकाने मला विचारलं होतं. त्याला म्हटलं, दसऱ्याला नांदेडला ये. हल्लाबोलची मिरवणूक निघते तेव्हा नंग्या तलवारी घेऊन निहंग, म्हणजे शिखांतले शस्त्रधारी पंथीय, धावतात, जमीन हादरते. सचखंडात, म्हणजे नांदेडच्या मुख्य गुरुद्वारात, गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं आजही जपलेली आहेत. शस्त्राचं या समाजाला वावडं नाही. शस्त्र कुणासाठी उचलायचं आणि कुठे नाही उचलायचं, याचा पक्का नेम मात्र आहे. गेममधल्या शिखाच्या हातात तलवार द्या, त्याला घोड्यावर बसवा, तो चुकू दे, वाईट वागू दे, कुणी हरकत घेतली तर मी त्याच्या विरुद्ध बोलेन. पण गुरूचा दरबार, म्हणजे गुरुद्वारा, हा नेमबाजीचा आखाडा नाही.

गुरुद्वारा म्हणजे नुसती सुंदर इमारत नव्हे, हे नांदेडच्या माणसाला सांगावं लागत नाही. १७०८ मध्ये आमच्याच गावात गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथाला गुरुगादी दिली. तेव्हापासून गुरू ग्रंथसाहिब हेच गुरू. पहाटे प्रकाश होतो म्हणजे ग्रंथ उघडून मांडतात, रात्री सुखासन होतं म्हणजे तो मिटून निजवतात, वर चवरी ढाळली जाते, जशी जिवंत गुरूवर ढाळावी. आणि त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. म्हणजे जगात कुठल्याही गुरुद्वारात जा, नाम्याचे शब्द तिथे मखमली रुमाल्याखाली आहेत. २०१५ मध्ये नामदेवांच्या पंजाबातल्या घुमानला साहित्य संमेलन भरवताना आपल्याला हे नातं बरोबर आठवलं होतं. ते एरवीही आठवायला हवं.

बरं, हे दुखणं फक्त शिखांचं नाही. २००७ मध्ये सोनीच्या एका गेममध्ये मँचेस्टर कॅथेड्रलच्या आत गोळीबार दाखवला म्हणून चर्च ऑफ इंग्लंड सोनीवर उखडलं होतं. त्या शहरात खऱ्या बंदुकांनी मुलं मरत होती आणि चर्च त्या घरांना आधार देत होतं. सोनीने माफी मागितली. २००८ मध्ये 'लिटलबिगप्लॅनेट'मधल्या एका गाण्यात कुराणातले शब्द निघाले, तर डिस्क परत मागवून गेम उशिराने आणला. गेम दोन्ही टिकले, खेळले गेले.

चांगलं करता येतं याचाही पुरावा आहे. २०१५ च्या 'ॲसॅसिन्स क्रीड सिंडिकेट'मध्ये, १८६८ च्या लंडनमध्ये महाराजा दुलीपसिंग भेटतो. राज्य गेलेला, आईपासून तोडून विलायतेत नेलेला रणजितसिंगांचा धाकटा मुलगा. तो आपल्याकडे मदत मागतो. त्याला एक दुःख आहे, एक मागणी आहे. मला हे बघताना भरून आलं, कारण आमचं सचखंड बांधून घेतलं ते याच्याच वडिलांनी.

आणि आता गेम बनवणारे फक्त तिकडचे राहिलेले नाहीत. २०२० मध्ये आलेला 'राजी' हा गेम पुण्यात बनला. आपल्या गावागावांतली पोरं हे काम शिकतायत. उद्या त्यांच्याच पडद्यावर गुरुद्वारा येईल, दर्गा येईल, विहार येईल. मला बंदी नको आहे, कोर्टकचेरी नको आहे. कागदावर पहिलं चित्र काढायच्या आधी त्या घरातल्या माणसाला विचारा, एवढंच मागणं आहे. टोपीसारखी उचलून ठेवता येईल अशी पगडी काढणाऱ्याने ती बांधताना कधी बघितलेलीच नसते.

मी बघितली आहे. लहानपणी चाचाजींचा मुलगा घरी नसला की ते मला हाक मारायचे. पाच-सहा मीटर कापड, एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. दोघांनी ताणायचं आणि घडी घालत आणायचं, त्याला पूणी म्हणतात. "घट्ट धर, सोडू नको," असं म्हणत ते मागे सरकत जायचे, पार अंगणापर्यंत. मग एक टोक दातात धरून आरशासमोर एकेक पेच बसवायचे आणि शेवटी सळईने बारीक केस आत सारायचे. घाई असली तरी एक पेच चुकला की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून.

हे वाचणाऱ्यांत कुणी गेम बनवणारं असेल तर मला मेसेज करा. पुण्यातून रात्रीची गाडी धरली की सकाळी नांदेड. डोक्याला रुमाल बांधू, लंगरला पंगतीत बसू, मग चाचाजींकडे घेऊन जाईन. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि नातू शाळेत गेलेला असतो, पूणी धरायला त्यांना माणूस लागतोच.