व्हेपमध्ये टार नाही, मग दातांवर डाग कुठून? – एका प्रतिक्रियेला उत्तर

निखिल, तुमची प्रतिक्रिया छोटी होती, पण तिच्याखाली दोन्ही बाजूंनी अशी काही जुंपली की तिथेच चार ओळी खरडून भागणार नव्हतं. म्हणून हे वेगळं उत्तर.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या 'व्हेपिंग आणि दातांचा रंग' या लेखात मी म्हटलं होतं की व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, दात सिगारेटसारखे रंगवत नाही, पण दातांचा रंग बिघडवण्याच्या त्याच्या वाटा वेगळ्या आहेत. त्यावर निखिल यांचं म्हणणं असं: व्हेपमध्ये टार (सिगारेटच्या धुरातला चिकट, काळपट पदार्थ) नसतं, तेव्हा डागांचा प्रश्नच उद्भवत नाही. लंडनला आल्यावर सिगारेट सोडून व्हेप धरलं तेव्हापासून त्यांचे स्वतःचे दात उलट पांढरे झालेत. तिकडे एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, स्वतःच व्हेप सुचवते, आणि इकडे गुटखा-मशेरीनं दात काळे करून घेणाऱ्या देशातले डेंटिस्ट व्हेपच्या नावानं भीती घालतात, हा ढोंगीपणा आहे. शेवटी जाता जाता विचारलंय, व्हाइटनिंग, म्हणजे दात पांढरे करण्याचा उपचार, करून घेतलं तर चालेल का?

टारवरून आपलं भांडण नाहीच. टार तयार होतं ते तंबाखूचं पान जळल्यामुळे. व्हेपमध्ये काही जळत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन तापून त्यांची वाफ होते, आणि तिच्यासोबत निकोटीन नि फ्लेवर तोंडात येतं. सिगारेट ओढणाऱ्याच्या दातांवर, विशेषतः खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला, जो काळपट तपकिरी थर दिसतो तो व्हेप करणाऱ्याच्या दातांवर तसा दिसत नाही. निकोटीन मूळचं रंगहीन, हवा आणि उजेड लागला की पिवळट नि मग तपकिरी होतं. तुमच्या ज्यूसची, म्हणजे व्हेपमध्ये भरायच्या द्रवाची, बाटली खिडकीत ठेवून बघा, काही आठवड्यांत तिचा रंग गडद होईल. पण म्हणून दातांवरही तसाच थर चढतो असं मी म्हणत नाही. तो भाग किरकोळ आहे.

तुमचे दात पांढरे झाले, हेही मला पटतं. त्याचं श्रेय मात्र मी व्हेपला देणार नाही. सिगारेट सुटली, म्हणजे रोजचा नवा थर बसायचा थांबला. जुना थर तुमच्या हायजिनिस्टनं (दात साफ करणाऱ्या दंत कर्मचाऱ्यानं) स्केलिंग-पॉलिशिंग करून, म्हणजे खरवडून-घासून, काढला असणार. सिगारेट सोडून नुसता निकोटीनचा च्युइंगगम चघळला असतात तरी दात इतकेच उजळले असते.

आता संशोधनाकडे येऊ, कारण तुमच्या बाजूनं लिहिणाऱ्या एका वाचकानं 'प्रयोगशाळेत सिद्ध झालंय' असं ठासून म्हटलंय. ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या कंपनीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला होता. गुरांच्या दातांच्या एनॅमलचे (दातावरच्या कठीण कवचाचे) तुकडे घेतले, काहींना सिगारेटचा धूर दिला, काहींना व्हेपची वाफ. धुराचे तुकडे चांगलेच रंगले, वाफेच्या तुकड्यांत फारसा फरक पडला नाही. कंपनी व्हेपही विकते म्हणून हा निष्कर्ष खोटा ठरवायचा, हे मला मान्य नाही. जे मोजलं ते बहुधा बरोबरच मोजलं. पण काय मोजलं? थोड्या दिवसांत वाफेमुळे थेट बसणारा रंग. त्या तुकड्यांनी दिवसातून चार वेळा चहा घेतला नव्हता. त्यांच्यावर जिवंत जंतूंची वस्ती नव्हती. त्यांचं तोंड कोरडं पडायला त्यांना तोंडच नव्हतं.

आणि खरी गोष्ट तोंडाच्या कोरडेपणाचीच आहे.

प्रॉपिलीन ग्लायकॉल पाणी ओढून घेतं. व्हेप करणाऱ्यांना घसा सुकण्याचा, सारखी तहान लागण्याचा अनुभव असतो, तुम्हालाही असेल. लाळ ही दातांची मोलकरीण आहे, आणि तिची किंमत ती सुट्टीवर गेली की कळते. खाल्ल्या-प्यायल्यावर तोंडात आम्ल तयार होतं. पीएच (तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट झिरपून बाहेर जाऊ लागतं. लाळ ते आम्ल धुते, त्याचा जोर कमी करते आणि गेलेलं कॅल्शियम-फॉस्फेट पुन्हा दाताला देते. या दुरुस्तीला प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास लागतो.

इथे सवयीतला फरक बघा. सिगारेट संपते. ती ओढायला खाली उतरावं लागतं, ऑफिसबाहेर पावसात उभं राहावं लागतं. व्हेप खिशात असतं. कॉलवर असताना एक पफ, लिफ्टची वाट बघताना एक, झोपण्यापूर्वी ब्रश झाल्यावरही एखादा. लाळेला निवांत अर्धा तास मिळतच नाही. कोरड्या तोंडाला मग काहीतरी प्यावंसं वाटतं, आणि ते क्वचितच साधं पाणी असतं. तरुण मुलं कोला किंवा एनर्जी ड्रिंक उघडतात. आपली पिढी चहा. चहातलं टॅनिन दातांवर डाग पाडतं हे सगळ्यांना माहीत आहे. दुधातलं केसिन त्यातलं बरंचसं टॅनिन पकडून ठेवतं, त्यामुळे आपला दुधाचा चहा कोऱ्या चहापेक्षा दातांना बरा. पण कोरड्या दातावर तोही जास्त चिकटतो, कारण मागून धुवायला कोणी नाही. म्हणजे डाग चहाचा, पण तो टिकायला मदत व्हेपची. अशा डागाची जबाबदारी तुम्ही कोणाच्या खात्यावर टाकणार?

तुम्ही कोणता फ्लेवर वापरता ते लिहिलं नाहीत. हा प्रश्न मी सहज विचारत नाहीये. गोड फ्लेवरनं कॉइल (द्रव तापवणारी तार) लवकर काळी पडते, हे प्रत्येक व्हेप करणाऱ्याला ठाऊक असतं. २०१८ मध्येच प्लॉस वन या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात गोड फ्लेवरच्या वाफेनंतर एनॅमलवर जंतूंचा थर दुप्पट साचला, आणि एनॅमलचा कठीणपणा बिनफ्लेवरच्या वाफेच्या तुलनेत २७ टक्क्यांपर्यंत कमी झाला. ग्लिसरीनचा चिकटपणा जंतूंना दातावर बसायला मदत करतो, असंही त्यात दिसलं. हाही प्रयोगशाळेतलाच अभ्यास. मघाच्या अभ्यासाला जी मर्यादा लावली ती यालाही लागू आहे.

माणसांवरचा पुरावा कमी आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या दंतचिकित्सालयात २०१९ ते २०२२ या काळात आलेल्या १३ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी करिना इरुसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. व्हेप करणाऱ्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक दात किडण्याचा धोका जास्त असलेल्या गटात होते. न करणाऱ्यांत हेच प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास. पण व्हेप करतो असं सांगणारे होते फक्त ९१ जण. आकडा लहान आहे, आणि व्हेप करणारे गोड पेयंही जास्त पीत असतील, ही शंका रास्त आहे. यावरून 'व्हेपनं दात किडतात' असं मी कोर्टात शपथेवर सांगणार नाही. तरीही त्यांनी एक निरीक्षण नोंदवलंय ते मला महत्त्वाचं वाटतं. काही रुग्णांची कीड पुढच्या दातांच्या चावण्याच्या कडेवर होती. लाळ आणि जीभ जिथे सतत फिरते ती ही जागा. तिथे सहसा कीड लागत नाही.

हे सगळं रंगाच्या लेखात कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण कीड सुरू होते ती रंगानंच. आधी हिरडीलगत खडूसारखा पांढरा, निस्तेज पट्टा उमटतो. दात ओला असताना तो दिसतही नाही, म्हणून आम्ही हवा मारून दात कोरडा करतो आणि मग बघतो. तो भाग सच्छिद्र झालेला असतो, त्यामुळे चहा-कॉफीचा रंग आत शिरतो आणि पट्टा तपकिरी होतो. हा डाग दाताच्या आत असतो, म्हणून स्केलिंगनं निघत नाही. टारचा डाग वरवरचा, अर्ध्या तासात निघणारा. दोन्हींत वाईट कोणता, हे ठरवायला डेंटिस्ट व्हायची गरज नाही. दुसरं, एनॅमल अर्धपारदर्शक असतं. ते झिजून पातळ झालं की आतलं पिवळं डेंटिन जास्त दिसू लागतं. दात पिवळा दिसतो आणि वर कसलाच डाग नसतो. असे रुग्ण महिनोन्‌महिने व्हाइटनिंग टूथपेस्ट घासत बसतात. कोळशाची पावडर घासणारे तर उरलंसुरलं एनॅमलही घालवतात.

हिरड्यांबद्दल एकच सांगते. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे हिरडीला सूज असली तरी रक्त कमी येतं आणि सगळं आलबेल वाटतं. हिरडी खाली सरकली की मुळाचा पिवळट भाग उघडा पडतो. हाही रंगाचाच बदल, फक्त आरशात तो 'दात लांब झाला' असा दिसतो.

राहिला ढोंगीपणाचा आरोप. गुटखा आणि मशेरीवर मी लिहीत नाही, असं तुम्हाला वाटत असेल तर ब्लॉगचं मागचं पान उघडून बघा. महाराष्ट्रात तंबाखूचं मूळ दुखणं चघळण्याचं आणि घासण्याचंच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते, धूम्रपान करणारे होते अवघे ३.८ टक्के. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात मनाई आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी सकाळी मशेरी लावल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही अशा बायका आजही माझ्याकडे येतात. त्यांच्या दातांपुढे व्हेपचे दात मोत्यासारखे दिसतात, कबूल. पण मशेरीशी तुलना करून निर्धोक ठरणार नाही अशी गोष्ट शोधणं जरा अवघडच आहे.

एनएचएसचंही तसंच. ती व्हेप सुचवते ते सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना. ज्यांनी कधी ओढलीच नाही त्यांनी आणि अठरा वर्षांखालच्यांनी घेऊ नका, हेही तीच सांगते. सिगारेट सोडवायला निकोटीनचं व्हेप हे पॅच-गमपेक्षा जास्त उपयोगी ठरतं, असा वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्याचाही निष्कर्ष आहे. तुम्ही त्यासाठी वापरलंत, सिगारेट सुटली, फार चांगलं झालं. तुमच्याकडे ज्यूसमध्ये निकोटीन २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर चालत नाही. भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट विकायलाच बंदी आहे, त्यामुळे इथे जे मिळतं ते चोरून येतं आणि त्यात काय किती आहे हे कोणी तपासत नाही. माझा लेख मुंबई-पुण्याच्या अशा मुलांसाठी होता ज्यांनी सिगारेटला हातही लावलेला नाही आणि ज्यांना आंब्याच्या चवीची वाफ निरुपद्रवी वाटते. त्यांना 'दात पिवळे पडत नाहीत' एवढंच सांगणं मला अर्धवट वाटतं.

आता व्हाइटनिंग. चालेल, पण क्रमानं. आधी तुमच्या डेंटिस्टला व्हेप करतो हे स्पष्ट सांगा, कारण फॉर्मवर 'धूम्रपान: नाही' लिहून बरेच जण मोकळे होतात. हिरडीलगत पांढरे पट्टे आहेत का, ते दात सुकवून बघायला सांगा. असतील तर पहिले काही महिने फ्लोराइडवर द्या, नाहीतर व्हाइटनिंगनंतर ते आणखी उठून दिसतील. ब्रिटनमध्ये हे काम फक्त नोंदणीकृत दंत व्यावसायिकच करू शकतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ६ टक्क्यांपर्यंतच वापरता येतं, तेव्हा सलूनमध्ये किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळतंय म्हणून करू नका. कॅप आणि जुनी फिलिंग्ज व्हाइटनिंगनं उजळत नाहीत. पुढच्या दातात फिलिंग असेल तर ते नंतर वेगळं दिसेल आणि बदलावं लागेल. ते मात्र व्हाइटनिंग संपल्यावर दोन आठवडे थांबून बदला. लगेच केलं तर नवं फिलिंग दाताला नीट धरत नाही, आणि तोवर दाताचा रंगही स्थिरावलेला नसतो.